धूरगाळणीचा खून, जो झालाच नाही

मित्रांनो, मी एक जुनी धूरगाळणी आहे आणि कळंबोलीत भर दुपारी पोटात पहार घालून माझा खून करण्यात आला आहे.

आता हे वाक्य तुम्ही वाचलंत, पण वाचलं नाही असं समजा. असं काही झालेलं नाही. मी ठणठणीत आहे. गाडीच्या कॉम्प्युटरला विचारा, तोही हेच सांगेल. तेव्हा मी पहिल्यापासून सुरुवात करते, म्हणजे माझ्या बालपणापासून. तेव्हा मला फक्त भाजलं होतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मला आईवडील नव्हते. माती होती आणि साचा होता. मातीचा लगदा साच्यातून दाबून बाहेर काढला तेव्हा मी मधाच्या पोळ्यासारखी दिसत होते. अंगभर बारीक बारीक उभ्या नळ्या. मग एका यंत्राने प्रत्येक नळीचं एकेक तोंड बुजवलं, एकीचं पुढचं, शेजारणीचं मागचं. असं का, ते मला नंतर कळलं. धूर एका नळीत शिरतो, पुढे जातो आणि थेट भिंतीवर आपटतो. परत फिरता येत नाही, कारण मागून इंजिन ढकलत असतं. मग तो भिंतीतल्या बारीक छिद्रांतून शेजारच्या नळीत घुसतो. हवा पलीकडे जाते. काजळी अलीकडे राहते. मी म्हणजे थोडक्यात असा बोगदा, ज्यात सगळे आत येतात आणि सगळ्यांना बाहेर जाता येत नाही.

त्यानंतर मला भट्टीत घातलं. माणसाच्या मुलाला असं केलं तर पोलीस येतात. मी बाहेर आले तेव्हा एका कामगाराने मला बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "मस्त वाजते." आयुष्यातलं माझं हे पहिलं कौतुक. लगेच मला स्टीलच्या डब्यात कोंबलं, डबा जोडून बंद केला आणि एका नव्या ट्रकच्या पोटाखाली, इंजिन आणि सायलेन्सरच्या मध्ये आवळून टाकलं. कागदावर माझं नाव डीपीएफ. गॅरेजमध्ये फिल्टर. धूरगाळणी हे नाव मी स्वतः ठेवलं, कारण बारशाला कोणी आलंच नाही.

हा ट्रक गोटीरामशेठनी घेतला. शेठ नेरूळजवळच्या खाडीकाठच्या गावातले. पूर्वी घरची शेती होती, आता त्या शेतीवर टॉवर आहेत. गोटीरामशेठ कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सळया भरत आणि रबाळ्याच्या कारखान्यांत नेऊन टाकत. आता तुम्ही म्हणाल, शेठना माझी काय गरज? शेठना नव्हती. त्यांच्या बायकोला होती.

गोजराबाई बोंबील वाळवतात. गावात एकच मोकळं मैदान उरलं होतं. त्याच मैदानात त्यांचे बांबूचे मांडव आणि त्याच मैदानात शेठचा जुना ट्रक. तो ट्रक सकाळी चालू झाला की मैदानात ढग उतरायचा आणि सगळा बोंबलांवर बसायचा. एकदा नेरूळच्या बाजारात एका गिऱ्हाईक बाईने बोंबलांची जुडी गोजराबाईंच्या तोंडावर फेकली. "बोंबील विकतेस की कोळसा?" असं तिने विचारलं. गोजराबाईंनी उत्तरादाखल तागडी फेकली. तागडी जड होती. बाईला टाके पडले.

त्या दिवशी घरी येऊन गोजराबाई उंबऱ्यातच बसल्या. "अवो भाविकाचं बापूस," त्या म्हणाल्या, "माजे आयेचा धंदा हाय यो. तिचा बोंबील पांढरा व्हता, माजा काला. एक तं ती गारी विका, नायतं मना माहेरी पाठवा."

"आगं, गारीवर घर चालतं."

"आनि बोंबलावर काय, इमान चालतं?"

मग चकली, लाटणं आणि स्टीलचा एक तांब्या या क्रमाने वस्तू उडाल्या. चकलीचा नेम चुकला. तांब्याचा चुकला नाही. शेठनी जुना ट्रक काढला आणि नवा घेतला, ज्यात मी होते. मित्रांनो, लोक लग्न टिकवायला नवस करतात. गोटीरामशेठनी गाळणी बसवली.

आता माझ्या कामाविषयी सांगते. डिझेलच्या धुरात दोन प्रकारची मंडळी असतात. जाडी काजळी दिसते. ती भिंतीवर, शर्टावर, बोंबलावर बसते, आणि लोक तिला शिव्या देतात. बारीक कण मात्र कोणाला दिसत नाहीत. ते नाकातल्या केसांना भीक घालत नाहीत, घशात थांबत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. काही तर तिथून रक्तात उतरतात आणि माणसाच्या हृदयापर्यंत फिरायला जातात. मी या दोघांनाही पकडायची. मी तुरुंग होते. तुरुंग भरला की माझ्या पोटातला ताप सहाशे अंशांपर्यंत चढवायचा आणि सगळे कैदी एकदम जाळून टाकायचे. राख तेवढी उरते. या सामुदायिक हत्याकांडाला कंपनीच्या पुस्तकात 'पुनरुज्जीवन' म्हटलेलं आहे.

गोजराबाईंचे बोंबील पांढरे झाले. त्या सकाळी मैदानात यायच्या, सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवायच्या आणि बोट बघायच्या. बोट स्वच्छ. मग त्या ट्रकच्या मागच्या भागावर थाप मारायच्या, जशी दुभत्या म्हशीला मारतात. माझ्या आयुष्यातलं हे दुसरं आणि शेवटचं कौतुक. समोरच्या सोसायटीवाल्यांनी तेवढी तक्रार केली, पण ती बोंबलाच्या वासाची. धुराबद्दल ते कधीच काही बोलले नव्हते. धुराला वास असला तरी तो आपल्या लोकांचा असतो.

मित्रांनो, सुखाचे दिवस एका दिव्यामुळे संपले.

माझं जाळपोळीचं काम नीट व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास तरी दमदार पळावी लागते. कळंबोली ते रबाळे या वाटेवर गाडी पळत नाही, रांगते. सिग्नल, खड्डा, कंटेनर, पुन्हा सिग्नल. त्यामुळे पोट भरत गेलं आणि जाळायला ताप येईना. अशा वेळी ड्रायव्हरसमोर एक पिवळा दिवा लागतो. त्याचा अर्थ एवढाच, की जरा एक्सप्रेसवेवर पळवून आण, किंवा बाजूला उभी करून मला जाळू दे. शेठना वाटलं, दिवा डोळ्यांवर येतो. त्यांनी गोजराबाईंच्या पाकिटातली मोठी मरून टिकली काढली आणि दिव्यावर चिकटवली.

दिवा बंद झाला नाही, सवाष्ण झाला.

काही दिवसांनी शेजारी लाल दिवा लागला. शेठनी दुसरी टिकली लावली. वर आरशाला लिंबू-मिरची होती, पुढे बंपरला काळी बाहुली होती, आणि मध्ये हे सौभाग्यलेणं. शेठची खात्री होती की आता गाडीला कोणाचीच नजर लागणार नाही. गाडीला नजर लागली नव्हती. गाडीला बद्धकोष्ठ झाला होता.

मग गाडीने स्वतःचा जीव वाचवण्यासाठी ताकद कमी केली. सळयांनी भरलेला ट्रक उड्डाणपुलावर चढताना सायकलवाला शेजारून पुढे गेला आणि जाताना "काका, धक्का देऊ का?" असं विचारून गेला. मागच्या टँकरवाल्याने उतरून शेठच्या दारावर लाथ मारली. शेठनी खाली उतरून टँकरवाल्याच्या कानफटात मारली. टँकरवाल्याने परत मारली. मागे रांग लागली होती, त्यामुळे मदतीला माणसं भरपूर होती. शेठ घरी आले तेव्हा त्यांचा एक डोळा बंद होता आणि दुसऱ्याने ते माझ्याकडे रागाने बघत होते.

गाडी कशीबशी मैदानात आली आणि पुन्हा रस्त्यावर काढण्याजोगी उरली नाही. शेठनी कळंबोलीहून दत्तूला बोलावलं. दत्तू हा मेकॅनिक. तो देशावरून आला, हातोडा घेऊन शिकला आणि पुढे लॅपटॉप घेऊन फिरू लागला. त्याने टिकल्या खरवडल्या, वायर जोडली आणि म्हणाला, "शेठ, फिल्टर तुंबलाय. उभ्या गाडीतच जाळू. सायलेन्सरमागं कोन उभं राहू नका, लय गरम फेकतंय."

शेठनी मागे बघितलं. मागे बोंबलांचे मांडव होते. शेठचा दुसरा डोळा अजून कामाचा होता आणि तो त्यांना जपायचा होता. "थांब रं," ते म्हणाले, "बोंबलाला धग लागली तं बायको माजा सुका करंल." त्यांनी रांगत रांगत गाडी फिरवली, बोंबलांकडे तोंड केलं आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, कुंपणाकडे पाठ केली. आयुष्यात नवऱ्याने बायकोची इतकी काळजी घेतलेली मी पाहिली नव्हती. दुर्दैवाने कुंपणावर दादांचा बॅनर होता.

दादा म्हणजे गावचे नेते. त्यांचा वाढदिवस होता. बॅनरवर दादा गॉगल लावून, हात जोडून, ढगांमधून चालत येत होते. दत्तूने लॅपटॉपचं बटण दाबलं. माझ्या पोटात आग लागली. महिनोन् महिने साठलेले कैदी एकदम पेटले आणि त्यांची धग सायलेन्सरमधून सरळ दादांच्या चेहऱ्यावर गेली. आधी नाक वितळलं. मग गॉगल खाली ओघळून मिशीवर आला. मग ढग जळले. जोडलेले हात मात्र शेवटपर्यंत तसेच होते, त्यामुळे ते दयेची भीक मागत आहेत असं दिसत होतं.

दादांची पोरं धावत आली. पुढे तेजस होता. तेजस शेठचा सख्खा भाचा, पण वाढदिवसाच्या दिवशी तो नात्यात नव्हता, समितीत होता.

"मामा, दादांचं नाक कुठंय?"

"आरं तेजस, वितलला तो. मी मुद्दाम नाय..."

"वितळला? दादा वितळले?"

असं म्हणून त्याने शेठच्या नाकावर ठोसा मारला, म्हणजे हिशोब नाकाला नाक असा झाला. दुसऱ्या एकाने दत्तूचाच पाना घेऊन दत्तूच्या पाठीत घातला. दत्तू ओरडत होता, "अरे मी फक्त अपडेट मारतोय, अपडेट!" कोणीतरी लॅपटॉपची वायर उपटली. माझं जाळपोळीचं काम अर्ध्यावर थांबलं. अर्धे कैदी जळून गेले होते, अर्धे जिवंत होते आणि अतिशय चिडलेले होते.

तेवढ्यात मांडवातून एक बांबू निघाला. त्याच्या दुसऱ्या टोकाला गोजराबाई होत्या.

"माजे मानसाला हात लावतंस? मीच मारतंय त्याला, तुमी कोन?"

पहिला बांबू तेजसच्या पोटऱ्यांवर बसला. "मामी, ऐका ना, समजून घ्या," तो नाचत म्हणाला. दुसरा पाठीवर बसला. "मामी, दादांचा वाढदिवस आहे!" तिसऱ्या बांबूला तो म्हणाला, "मामी, पाया पडतो," आणि खरंच पडला, कारण चौथा गुडघ्यांवर होता. बाकीची समिती कुंपण ओलांडून पळाली. त्यातला एक दादांच्या उरलेल्या हातांमधून आरपार गेला.

तडजोड अशी ठरली की शेठनी नवा बॅनर लावायचा. तो लागला. त्यात खाली शुभेच्छुकांच्या रांगेत शेठचा फोटो आहे, सुजलेल्या चेहऱ्यासकट, कारण फोटो त्याच दिवशी काढला.

मित्रांनो, माणसाला मारणाऱ्यांवर राग काढता येत नाही, कारण ते परत मारतात. बायकोवर काढता येत नाही, कारण तिच्याकडे बांबू आहे. टिकलीवर काढता येत नाही, कारण ती स्वतः लावलेली असते. मी ट्रकखाली होते, बांधलेली होते आणि मला हात नव्हते. शेठ दत्तूला म्हणाले, "ये भट्टीनं माजा थोबार फोरला. कारून टाक तिला."

"बिनधास्त काढू," दत्तू म्हणाला. त्याच्या पाठीला मलम होतं. "समदे काढत्यात. गाडी अशी पळंल बगा, हरणावानी. अन् बाहेरून काय कळत बी नाय. डबा तोच राहतो."

"बायकोला?"

"वहिनींना डबाच दिसनार ना."

त्यानंतर जे घडलं ते घडलेलं नाही, हे मी सुरुवातीला सांगितलंच आहे. त्यामुळे फक्त थोडक्यात सांगते. कळंबोलीत मला खाली उतरवलं. डबा ग्राइंडरने कापला. दत्तूने पहार घेतली आणि माझ्या पोटात खुपसली. मी जन्मात एकदाच टकटक ऐकली होती, "मस्त वाजते" असं कोणी म्हणालं होतं. या वेळी मी खूप वाजले. भिंतीमागून भिंत पडत गेली. नळ्या फुटल्या, बुजवलेली तोंडं उघडली, आणि अर्धवट जळालेले सगळे कैदी हवेत उठून दत्तूच्या नाकात शिरले. तो खोकला, थुंकला, आणि पुन्हा घाव घातला. शेवटी हातोडीने उरलेसुरले तुकडे झटकले, मला एका गोणीत भरलं आणि रिकामा डबा परत जोडून टाकला.

मग त्याने लॅपटॉप लावला आणि गाडीच्या मेंदूला सांगितलं की गाळणी आहे, स्वच्छ आहे, खूश आहे. गाडीने विश्वास ठेवला. सगळे दिवे विझले. एकाही दिव्याला टिकलीची गरज उरली नाही. तेव्हापासून कागदोपत्री माझी तब्येत आयुष्यात कधी नव्हती इतकी चांगली आहे. पुढे धुराची तपासणी झाली. तपासणीवाल्याने नंबरप्लेटचा फोटो काढला, एक नळी सायलेन्सरच्या साधारण दिशेला दाखवली आणि गाडी पास झाली. नंबरप्लेट खरोखरच स्वच्छ होती.

मला काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी मैदानात गाडी चालू केली. हरणावानी चालू झाली. गोजराबाई नेहमीसारख्या आल्या, सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं आणि बघितलं. मग त्या मांडवापाशी गेल्या. एक बोंबील काढला, शेठच्या पांढऱ्या शर्टावर खांद्यापासून पोटापर्यंत ओढला. काळी रेघ उमटली.

"गारीत काय क्यलंव?"

"काय नाय गं. सर्व्हिसिंग."

त्यांनी त्याच बोंबलाने शेठच्या गालावर मारलं. सुका बोंबील वरून नाजूक दिसतो, पण त्याचा जबडा दातेरी असतो. शेठचा गाल फाटला. आणि मग त्यांनी टोपलीभर काळे बोंबील घेतले, शेठना गाडीत बसवलं आणि म्हणाल्या, "चला कलंबोली."

दत्तूच्या गॅरेजात त्यांनी टोपली जमिनीवर आपटली. "खा," त्या दत्तूला म्हणाल्या. "तुमी पन," त्या शेठना म्हणाल्या. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बाईंनी टेबलाशी उभी केलेली पहार उचलली. दोघं खाऊ लागले. कच्चे, सुके, काजळीचे बोंबील. दोघांचे दात काळे झाले आणि ओठांवरून रक्त आलं.

"वहिनी, ऐका," दत्तू घास गिळत म्हणाला, "कॉम्प्युटरवर समदं ओके हाय. हे बगा, हिरवं. गाळणी चालू दाखवतंय."

"दाखवतं?"

"व्हय. एकदम ओके."

"तुजे कम्पुटरला खोकला येतं का रं?"

दत्तूने पुन्हा हिरव्याकडे बोट दाखवलं. गोजराबाईंनी पहार दोन्ही हातांनी वर नेली आणि लॅपटॉपच्या मधोमध घातली. ती टेबलातून आरपार गेली. ठिणग्या उडाल्या, थोडा धूर झाला, तोही कोणी गाळला नाही.

"आता दाखव, ओके हाय का," त्या म्हणाल्या. "आनि गारीत नवी गालनी बसव."

मित्रांनो, मी गॅरेजच्या दारातल्या गोणीतून हे सगळं बघत होते आणि मला फार अभिमान वाटला. माझ्या खुनाचा सूड त्याच शस्त्राने घेतला गेला. पण दत्तू जमिनीवर बसला आणि रडायला लागला. गाडीचा मूळ प्रोग्रॅम त्याच लॅपटॉपमध्ये होता. दुसरी प्रत नव्हती. त्याने कळंबोलीतले सगळे लॅपटॉपवाले गाठून बघितले, कोणाला जमेना. आता नवी गाळणी बसवली तरी गाडी तिला ओळखणार नाही. तिला कधीच जाळणार नाही. नवी तुंबेल, आणि गाडी म्हणत राहील की सगळं छान आहे. गोजराबाईंनी मला न्याय दिला आणि त्याच घावात मला कायमचं जिवंत करून टाकलं.

आता सध्याची परिस्थिती सांगते. ट्रकला मैदानात बंदी आहे. बोंबील पुन्हा पांढरे आहेत आणि नेरूळच्या बाजारात त्यांचं नाव आहे. ट्रक कळंबोलीत उभा असतो, इथूनच भरतो, इथेच धूर सोडतो, आणि शेठ केबिनमध्ये झोपतात. कळंबोलीत कोणी बोंबील वाळत घालत नाही, त्यामुळे इथली हवा स्वच्छ आहे असं सर्वांचं मत आहे.

गोजराबाई दुपारी शेठचा डबा घेऊन येतात. पांढऱ्या बोंबलाचं कालवण असतं. शेठ ट्रकच्या पायरीवर बसून जेवतात आणि त्या दत्तूच्या गॅरेजबाहेर एका गोणीवर बसतात. गोणीत मी असते. त्यांना माहीत नाही. आधी त्या डबा संपेपर्यंत शेठना शिव्या द्यायच्या. हल्ली शिवी अर्ध्यावर तुटते आणि मध्ये खोकला येतो. शेठ घास हातात धरून थांबतात. "घरी जा तू, मी खाईन हाटेलात," ते म्हणतात. "गप जेवा," त्या म्हणतात, आणि खोकतात. त्यांच्या छातीत जे वाजतात ते माझ्या ओळखीचे आहेत. मी त्यांना नावानिशी ओळखते. ते माझे कैदी होते.

मित्रांनो, दिवा लागला की त्यावर टिकली लावू नका. गाडी अर्धा तास पळवून आणा. आणि गाळणी काढा म्हणणाऱ्याला आधी टोपलीभर काळे बोंबील खायला घाला. एवढंच माझं सांगणं. बाकी मी रीतसर अर्ज केला आहे, तो असा:

प्रति, मा. सक्षम अधिकारी, जे कोणी आणि जिथे कुठे असतील ते.

विषय: अर्जदारास मृत घोषित करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही कळंबोली येथे गोणीत असून सदर गाडीच्या नोंदीनुसार ती अद्याप कार्यरत आहे. तरी अर्जदारास तात्काळ मृत घोषित करून तसे गाडीस लेखी कळवावे. गाडीने हरकत घेतल्यास तिची सुनावणी घ्यावी. तसेच प्रस्तुत प्रकरणी निर्णय होईपर्यंत नेरूळ ते कळंबोली या टप्प्यातील सर्व रहिवाशांनी, आणि विशेष बाब म्हणून सौ. गोजरा गोटीराम यांनी डबा पोहोचवतेवेळी, श्वास घेणे तात्पुरते स्थगित ठेवावे, असे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.